‘प्रोजेक्ट ऑफ द इयर’ पुरस्कारासाठी नामांकन: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जप्रक्रिया

अमेरिका आणि कॅनडातील रस्ते, पूल, पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा, सार्वजनिक इमारती अशा कामांशी संबंधित अभियंते आणि अधिकारी यांची प्रमुख व्यावसायिक संघटना म्हणजे अमेरिकन पब्लिक वर्क्स असोसिएशन. १९३७ मध्ये आजच्या स्वरूपात आलेल्या या संघटनेचे मुख्यालय मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे आहे, परंतु सदस्यांचा रोजचा संबंध येतो तो आपापल्या प्रादेशिक चॅप्टरशी, म्हणजे शाखेशी. चॅप्टरच्या वार्षिक पुरस्कारांत ‘प्रोजेक्ट ऑफ द इयर’ला विशेष मान आहे. हा पुरस्कार एकट्या अभियंत्याचा किंवा एकट्या कंपनीचा नसतो. काम करवून घेणारी सार्वजनिक संस्था, सल्लागार आणि कंत्राटदार या तिघांचा तो संयुक्त गौरव असतो. या तिन्ही ठिकाणी आज अनेक मराठी अभियंते काम करत आहेत आणि नामांकनाचा मसुदा तयार करण्याची जबाबदारी पुष्कळदा प्रकल्प अभियंत्याकडेच येते. म्हणून ही माहिती दिली आहे.

पुरस्काराचे दोन स्तर आहेत, चॅप्टरचा आणि राष्ट्रीय. प्रत्येक चॅप्टरचे वेळापत्रक, शुल्क आणि अर्जाचा नमुना वेगळा असू शकतो, त्यामुळे चालू वर्षाचा नमुना हाती घेऊनच कामाला लागावे. सहकाऱ्याकडून मिळालेली मागील वर्षाची फाईल मांडणी समजून घेण्यास उपयोगी पडते, मात्र अटी तिच्यावरून ठरवू नयेत. चॅप्टरचा पुरस्कार मिळाला म्हणजे राष्ट्रीय स्तरावरचा अर्ज आपोआप दाखल झाला, असेही गृहीत धरू नये. तो स्वतंत्रपणे करावा लागतो आणि त्याची मुदतही वेगळी असते.

पात्रता

प्रकल्प सार्वजनिक मालकीचा असावा आणि अर्जात नमूद केलेल्या कालावधीत तो मुख्यत्वे पूर्ण होऊन लोकांच्या वापरासाठी खुला झालेला असावा. अर्ज नेमका येथेच अडखळतो. फीत कापल्याची तारीख, वाहतूक सुरू झाल्याची तारीख, अंतिम देयकाची तारीख आणि ‘सबस्टॅन्शियल कम्प्लिशन’ची, म्हणजे काम मुख्यत्वे पूर्ण होऊन वापरण्याजोगे झाल्याची, तारीख या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ग्राह्य धरली जाते ती ‘सबस्टॅन्शियल कम्प्लिशन’ची, आणि तिचा आधार म्हणजे संबंधित प्रमाणपत्र. इमारतीच्या कामांत ते बहुधा एआयए या वास्तुविशारदांच्या संघटनेच्या जी-७०४ नमुन्यात असते, तर अभियांत्रिकी कामांत ईजेसीडीसी या अभियंत्यांच्या करारनमुने तयार करणाऱ्या समितीच्या सी-६२५ नमुन्यात. प्रमाणपत्रावर मालक संस्थेची स्वाक्षरी राहून गेली असेल, तर ती अर्ज भरण्यापूर्वी मिळवावी. टप्प्याटप्प्याने झालेल्या कामात आपण कोणता टप्पा सादर करत आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

प्रवर्ग पाच आहेत: बांधकामे, वाहतूक, पर्यावरण, ऐतिहासिक वास्तूंचे जतन व पुनरुज्जीवन, आणि आपत्कालीन बांधकाम किंवा दुरुस्ती. लहान शहरे व ग्रामीण भागासाठी स्वतंत्र गौरवही आहे. पुलाचे काम ‘बांधकामे’ या प्रवर्गात घालावे की ‘वाहतूक’ या, असा प्रश्न हमखास पडतो. कामाचे खरे वैशिष्ट्य ज्यात दिसते तो प्रवर्ग निवडावा, स्पर्धा कोठे कमी असेल याचे अंदाज बांधत बसू नये. ऐतिहासिक प्रवर्गात १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यातील कलम १०६ खालचा (केंद्रीय निधीच्या किंवा परवान्याच्या कामाचा ऐतिहासिक वास्तूवर होणारा परिणाम तपासण्याबाबतचा) पत्रव्यवहार जवळ असेल, तर तो आवर्जून वापरावा, कारण मूळ वास्तूतील काय राखले आणि काय बदलले याची नोंद त्यात आयती सापडते.

प्रवर्गानंतर खर्चाचा गट येतो. अलीकडच्या वर्षांतील विभागणी ५० लाख डॉलरपेक्षा कमी, ५० लाख ते २.५ कोटी, २.५ कोटी ते ७.५ कोटी आणि त्याहून अधिक, अशी आहे. गट ठरवताना निविदेची रक्कम न घेता चेंज ऑर्डरसह, म्हणजे करारानंतर मंजूर झालेल्या बदलांसह, झालेला बांधकामाचा अंतिम खर्च पाहावा. मनात लाख-कोटींत हिशेब करणाऱ्यांनी अर्जातील शून्ये दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घ्यावीत.

कागदपत्रे

परीक्षक जे मुद्दे पाहतात ते साधारणपणे असे आहेत: बांधकाम व्यवस्थापन आणि वेळापत्रक, सुरक्षितता, नागरिकांशी ठेवलेला संपर्क, पर्यावरणाची काळजी, प्रतिकूल परिस्थितीत केलेली असामान्य कामगिरी आणि गुणवत्ता नियंत्रणासारख्या अन्य बाबी. नामांकन वाचताना ‘अत्यंत यशस्वी’, ‘अभूतपूर्व’ अशा विशेषणांचा काहीही उपयोग होत नाही. प्रत्येक विधानामागे प्रकल्पाच्या फाईलमधला कागद असावा लागतो, आणि तो काम संपल्यावर शोधण्यापेक्षा काम चालू असतानाच बाजूला काढून ठेवणे केव्हाही सोयीचे.

वेळापत्रकासाठी मूळ मुदत, मंजूर मुदतवाढ आणि प्रत्यक्ष समाप्ती या तीन तारखा एकत्र द्याव्यात. चेंज ऑर्डर लपवू नयेत. अनपेक्षित खडक लागला, जुनी जलवाहिनी नकाशावर दाखवलेल्या जागी सापडली नाही, मालकाने मागाहून कामाची व्याप्ती वाढवली, अशी कारणे आणि त्यावर काढलेला तोडगा थोडक्यात लिहिला, तर अनुभवी परीक्षकाला तोच भाग सर्वाधिक बोलका वाटतो.

सुरक्षिततेचा भाग सर्वांत कच्चा राहतो, म्हणून त्याविषयी सविस्तर. ‘कोणताही गंभीर अपघात झाला नाही’ हे वाक्य पुरेसे नाही. कामाचे एकूण तास आणि नोंदयोग्य घटनांची, म्हणजे कायद्याने नोंदवाव्या लागणाऱ्या इजा व आजारांची, संख्या द्यावी लागते. त्यासाठी कंत्राटदाराकडून ओएसएचए या अमेरिकेच्या केंद्रीय कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या ३०० क्रमांकाच्या नोंदवहीतील या प्रकल्पापुरत्या नोंदी मागवाव्यात, मात्र त्यातील कामगारांची नावे अर्जात जाऊ देऊ नयेत. ३००-ए हा वार्षिक गोषवारा आस्थापनेचा असतो, एका प्रकल्पाचा असेलच असे नाही, हे लक्षात ठेवावे. घटनांचा दर काढताना घटनांच्या संख्येला २,००,००० ने गुणून कामाच्या एकूण तासांनी भागतात. २,००,००० हा आकडा म्हणजे १०० कामगारांनी आठवड्याला ४० तास याप्रमाणे ५० आठवडे केलेले काम. समजा, ८०,००० तासांच्या कामात एक घटना नोंदली गेली, तर दर २.५ येतो. उपकंत्राटदारांचे तास यातून सुटता कामा नयेत. केंद्रीय निधीच्या कामांत डेव्हिस-बेकन या बांधकाम कामगारांच्या वेतनासंबंधीच्या कायद्यानुसार दर आठवड्याला सादर होणारी प्रमाणित वेतनपत्रके तेथे मदतीला येतात, कारण त्यांत प्रत्येक कामगाराचे रोजचे तास लिहिलेले असतात. मात्र पर्यवेक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी त्यांत बहुधा नसतात, त्यांचे तास वेगळे मागवावेत.

नागरिकांशी संपर्क या मुद्द्यासाठी सभांची उपस्थितीपत्रके, वाहतूक वळवल्याच्या सूचना, तक्रार नोंदवही आणि तक्रारी मिटवल्याच्या नोंदी चालतात. व्यापाऱ्यांच्या किंवा रहिवाशांच्या एखाद्या पत्रातील दोन ओळी, त्यांच्या परवानगीने, उद्धृत कराव्यात.

पर्यावरणाच्या बाबतीत, एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरली जाणाऱ्या कामांना पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासंबंधीचा परवाना आणि प्रदूषण प्रतिबंधक आराखडा लागतोच. आराखडा होता एवढेच सांगणे म्हणजे कायदा पाळला असे सांगणे. पाहणीच्या नोंदवहीत आढळलेले दोष किती दिवसांत दुरुस्त झाले, गाळ नदीनाल्यात जाऊ नये म्हणून आराखड्यापलीकडे काय केले, झाडे कशी वाचवली, हे लिहिले तर त्याला वजन येते.

छायाचित्रे कामापूर्वीची, काम चालू असतानाची आणि पूर्ण झाल्यावरची, शक्यतो एकाच ठिकाणाहून घेतलेली असावीत. शिरस्त्राणाविना दिसणारा एक कामगार सुरक्षिततेच्या अख्ख्या पानावर पाणी फिरवतो, तेव्हा निवड करताना पार्श्वभूमीही तपासावी. पानांची मर्यादा पाळावी. जोडपत्रांचा ढीग कोणी वाचत नाही.

सादरीकरण आणि निकाल

अर्ज भरण्यापूर्वी संस्था, सल्लागार आणि कंत्राटदार या तिघांचीही लेखी संमती घ्यावी आणि मसुदा तिघांनाही वाचायला द्यावा. देयकांचा किंवा विलंबाचा वाद चालू असेल, तर अर्जातील एखादे विधान पुढे कोणाच्या तरी दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणून अशा प्रकल्पात संस्थेच्या विधी विभागाची नजर मसुद्यावरून जाणे आवश्यक आहे. सदस्यत्वाची अट अर्जाच्या नमुन्यानुसार तपासून घ्यावी आणि सदस्यत्वाचे नूतनीकरण अंतिम तारखेपूर्वी करावे.

चॅप्टरचे पुरस्कार बहुधा वार्षिक परिषदेत किंवा भोजन समारंभात दिले जातात. काही चॅप्टर त्यांची घोषणा मे महिन्यातील राष्ट्रीय सार्वजनिक बांधकाम सप्ताहाशी जोडतात. हा सप्ताह १९६० पासून साजरा होत आहे. राष्ट्रीय पुरस्कार पीडब्ल्यूएक्स या वार्षिक अधिवेशनात प्रदान होतात. निवड झाल्यावर सन्मानचिन्हावर कोरण्यासाठी नावे मागवली जातात. तेथे संस्थेचे आणि कंपन्यांचे कायदेशीर नाव करारातून जसेच्या तसे उतरवावे आणि करार झाल्यानंतर एखादी कंपनी विलीन झाली असल्यास कोणते नाव घालायचे, हे त्या कंपनीकडून लेखी घ्यावे.