लांबलेली वाढ आणि खुंटलेली वाढ

"वर्गात सगळ्यांत बुटका आहे, उंचीचे इंजेक्शन द्या," असे म्हणत धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या पालकांच्या मनात दोन वेगळ्या अवस्थांची बहुधा गल्लत झालेली असते. पहिलीत मूल निरोगी असते, केवळ त्याचे वयात येणे लांबलेले असते; दुसरीत मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, पुरेसे तयार करत नाही. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून काढलेले हाडांचे वय दोन्हींत खऱ्या वयाच्या मागे असते, त्यामुळे तेवढ्यावरच निदान करणे मला धोक्याचे वाटते.

फरक उघड होतो तो वाढीच्या वेगात. लांबलेल्या वाढीचे मूल चौथ्या वर्षानंतर दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर वाढत राहते, आणि वडिलांची किंवा मामांची उंचीही दहावीनंतरच झपाट्याने वाढली होती, असे घरातले सांगतात. संप्रेरक कमी असलेल्या मुलाचा वेग मात्र याहून कमी पडतो आणि वाढीच्या तक्त्यावरची त्याची रेषा वर्षागणिक खाली घसरते. अर्थात वयात येण्याच्या थोडे आधी निरोगी मुलाचाही वेग मंदावतो. म्हणूनच दर सहा महिन्यांनी अनवाणी उभे करून भिंतीवर केलेल्या तारीखवार खुणा डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

आपल्याकडे, विशेषतः सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि कुपोषण यांमुळेही वाढ मागे पडते. ही कारणे आणि थायरॉइड आधी तपासावे. ग्रोथ हार्मोन रक्तात टप्प्याटप्प्याने, मुख्यतः गाढ झोपेत येते, त्यामुळे दिवसा एकदाच घेतलेल्या नमुन्यातून काही कळत नाही. ते स्रवायला लावणारे क्लोनिडिनसारखे औषध देऊन ठरावीक अंतराने अनेक नमुने घ्यावे लागतात.

लांबलेल्या वाढीत बहुतेकदा वाट पाहणे हाच उपचार असतो. खऱ्या कमतरतेत मात्र वाट पाहणे महागात पडते, कारण हाडांची वाढीची टोके एकदा जुळली की इंजेक्शनाने उंची वाढत नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि जगभर त्यावर असलेल्या कडक नजरेला इतिहास आहे. पूर्वी ते मृतांच्या पियुषिका ग्रंथींतून काढत. त्यातून काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे दिसताच १९८५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने तो पुरवठा थांबवला. त्याच वर्षी अमेरिकेत जनुकीय तंत्राने बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली. मान्य आजारांखेरीज अन्य कारणांसाठी ते पुरवणे तेथे गुन्हा आहे.

आज हे इंजेक्शन बहुधा रोज रात्री, वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वीजही जाते, म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वीच बर्फाच्या डब्याची सोय करून ठेवावी.