तुमचा कुत्रा आमच्या हाती देताना

डॉग शोच्या रिंगमध्ये एका कुत्र्याच्या वाट्याला जजची जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात जज त्याला उभा पाहतो, दात तपासतो, अंगावरून हात फिरवतो, नराची दोन्ही वृषणं उतरली आहेत ना हे बघतो आणि दुडक्या चालीने पळवायला सांगतो. त्या वेळी लीड, म्हणजे त्याच्या गळ्यातली दोरी, आमच्या हातात असते; आम्ही हँडलर, मालकाच्या वतीने कुत्र्याला रिंगमध्ये दाखवणारे. पण जजला जे दिसतं, त्यातलं बरंचसं तुमच्या घरात घडलेलं असतं.

आधी कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप हवी. नोंदणी अजून ब्रीडरच्याच नावावर असेल तर लगेच बदलून घ्या. शोच्या अर्जाची मुदत संपत आल्यावर हे लक्षात येतं आणि चांगला कुत्रा घरी बसतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

मग सवय. मागे आमच्याकडे कारवान जातीचा एक नर आला होता. मान, छाती, पाठ, कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. जजने ओठाला हात लावला आणि तो सरळ मागे सरकून बसला. घरी त्याच्या तोंडाला कुणी कधी हातच लावला नव्हता. त्यानंतर घरातल्या आजोबांनी दीड महिना रोज चहाच्या वेळी त्याचा ओठ वर करून दात पाहिले आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा दिला. शेजारी, इस्त्रीवाला, जो दारात येईल त्यालाही करायला लावलं. पुढच्या शोला जजने ओठ उचलला तेव्हा तो हलला नाही, फक्त कलेजीसाठी आमच्या खिशाकडे बघत राहिला. हे काम आम्ही आठवड्यातून दोनदा येऊन होत नाही. ते घरच्यांनीच करायचं.

कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांना आणखी एक विनंती. ‘याला खायला घालत नाही का?’ असं पाहुणे म्हणतात म्हणून तूप-पोळी वाढवू नका. तो सडपातळच असायला हवा. लॅब्रॅडॉरलाही जास्त खाऊ घालू नका: लाडाने चढलेली चरबी चालीत लगेच दिसते. नखं दर आठवड्याला बघा, वाढली की पंजा पसरतो. लॅब्रॅडॉरला शोच्या आदल्या दिवशी आंघोळ घालू नका. केस मऊ पडतात. तीन-चार दिवस आधी घाला.

आपल्याकडे शो मुख्यतः थंडीत होतात. त्यामुळे तयारी पावसाळ्यातच सुरू झालेली बरी.

शोच्या दिवशी सगळ्यात अवघड गोष्ट तुमच्याकडेच मागतो: रिंगजवळ उभे राहू नका. तुम्ही दिसलात, तुमचा आवाज आला, वाऱ्याबरोबर नुसता वास आला तरी मान तिकडे वळते आणि उभं राहणं बिघडतं. गर्दीच्या मागे, वारा तुमच्याकडून रिंगकडे वाहत नसेल अशा जागी थांबा. जिवाची घालमेल होते, माहीत आहे. रिंगमधून बाहेर आल्यावर पहिली मिठी तुमचीच.

फी दर शोची असते, निकालावर ठरत नाही. प्रवेशशुल्क तुमचं, प्रवासखर्च त्या गाडीतल्या कुत्र्यांमध्ये वाटून. रिबन आणि ट्रॉफी तुमची. एकाच जातीचे दोन कुत्रे आले तर आधी ठरवलेल्याला आम्ही धरतो, दुसऱ्यासाठी दुसरा हँडलर सुचवतो. केस रंगवणं किंवा औषध देऊन शांत करणं आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तुमचा कुत्रा त्याच्या जातीच्या मानकात बसत नसेल तर पहिल्याच भेटीत सांगतो. त्याने तुमचं त्याच्यावरचं प्रेम कमी व्हायचं कारण नाही, फक्त शोचा खर्च वाचतो.

पहिल्या भेटीला लसीकरणाचं पुस्तक, नोंदणीचे कागद, रोजचा पट्टा आणि त्याचा आवडता खाऊ आणा. सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत, आणि निघताना पोटभर जेवू घालू नका.