बालगृहात मुलावर अत्याचार झाला असेल तर : नागपुरात तक्रार कुठे, कशी, आणि कागद कोणते

उमरेडहून आलेल्या एका मावशींच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, भाचीचा शाळेचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स होत्या. भाची बालगृहात राहायची. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं तिथल्या एका कर्मचाऱ्याबद्दल सांगितलं. कागद जमवण्यात चार दिवस गेले. पिशवीच्या तळाशी तिचा फ्रॉक होता, धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला. सरकारी ऑफिसात मळका कपडा कसा न्यायचा, असं मावशींना वाटलं होतं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. तक्रार नोंदवायला एकही कागद लागत नाही. आधार, जन्मदाखला, डॉक्टरांचा अहवाल यातलं काहीही नसलं तरी पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. वयाचा पुरावा शोधणं हे त्यांचं काम. तुम्ही फक्त कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी निघा.

तक्रार कुणीही करू शकतं. मूल स्वतः, नातेवाईक, शिक्षिका, डॉक्टर, त्याच बालगृहातली स्वयंपाकीण. नातं सिद्ध करावं लागत नाही. उलट मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

‘आधी अधीक्षकांशी बोलून बघू’ हे कृपा करून करू नका. तुम्ही घरी पोचेपर्यंत मुलाला दटावलेलं असतं. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला मुलींवरच्या अत्याचाराचा प्रकार 2018 मध्ये उघडकीला आला तो सामाजिक लेखापरीक्षणामुळे, म्हणजे बाहेरच्या लोकांनी येऊन केलेल्या पाहणीमुळे. 2020 च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयानं 19 जणांना दोषी ठरवलं. आतल्या मुलींना बोलायला बाहेरचं माणूस लागलं, हे विसरू नका.

नागपुरात 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. धोका आत्ता, या क्षणी असेल तर 112, हा तातडीच्या मदतीचा नंबर. किंवा सरळ जवळच्या ठाण्यात जा. बालगृह काटोलला असो की दुसऱ्या जिल्ह्यात, ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. झिरो एफआयआर तिथेच नोंदवून पुढे पाठवतात. टाळाटाळ झाली तर तीच तक्रार लिहून शहरात पोलीस आयुक्तांना, गावाकडे नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, आणि गणवेशात नसलेल्या. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असताना. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांना एफआयआर आधी झाली नसली तरी तपासणी नाकारता येत नाही.

पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलाच्या काळजीचा आणि संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवायचं असतं. आईवडिलांचा आधार नसलेलं, बालगृहातच राहणारं मूल असेल तर त्याला त्याच मुदतीत समितीपुढे हजर करायचं असतं. इथे तुम्ही एक साधा लेखी अर्ज द्या. मुलाला त्या संस्थेत परत पाठवू नये, तिथल्या इतर मुलांशीही संस्थेच्या लोकांना बाहेर ठेवून बोलावं, आणि खटला संपेपर्यंत सोबतीला सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि कोर्टात मुलाला मदत करणारी व्यक्ती, मिळावी. तीन मागण्या, एका पानावर. हा अर्ज बहुतेक जण देतच नाहीत, आणि मग मूल गप्प होतं.

‘नुसता कपड्यावरून हात लावला’ म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या 2021 च्या निकालातूनच उभा राहिला होता. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. हेतू लैंगिक असेल तर स्पर्श कपड्यावरून असला तरी गुन्हा आहे. मारहाण, उपाशी ठेवणं यासाठी 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे. सांभाळणारा माणूसच क्रूर वागला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

जे आता मोठे झालेत, अठरा पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडलेत, त्यांच्यासाठी. पॉक्सोखालच्या तक्रारीला वयाची अट नाही, मुदतही नाही. घटना 14 नोव्हेंबर 2012 च्या आधीची असेल तर तेव्हाचा भारतीय दंड संहिता कायदा लागतो. इथे मात्र जुने कागद उपयोगी पडतात. समितीचा प्रवेशाचा आदेश, बालगृहाचा पत्ता असलेला शाळेचा दाखला, सोबत राहिलेल्या मित्रांची नावं. नसतील तरी तक्रार घ्यावीच लागते.

पैशांसाठी अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि मुलांसाठीची राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे, मदत दहा लाखांपर्यंत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात. मुलांना आणि स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी भरपाईचा मार्ग बंद होत नाही. या टप्प्यावर कागद लागतात : एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, मुलाच्या नावाचं बँक पासबुक.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती हातात घेऊन, नाव आणि तारीख वाचूनच ठाण्यातून निघा.