ब्रायर म्हणजे गुलाबाचं मूळ? छे!

तंबाखू ओढायच्या, हाताने घडवलेल्या पाइपबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: ज्या लाकडाचा तो करतात ते ब्रायर म्हणजे रानगुलाबाचं मूळ. ऐकायला गोड, पण साफ चूक. सगळा घोळ शब्दाचा. फ्रेंचमध्ये हीथरच्या झुडपाला 'ब्रुयेर' म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'ब्रायर' झालं, आणि इंग्रजीत काटेरी रानगुलाबाला तोच शब्द आधीपासून होता.

खरं झाड एरिका आर्बोरिया, भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरउतारांवरचं. आणि पाइप त्याच्या मुळातूनही निघत नाही! खोड नि मुळांच्या मध्ये, जमिनीलगत एक गाठ धरते. ती पाइपाजोगी व्हायला काही दशकं जातात. लाकूड घट्ट, सहजी न जळणारं. कापलेले ठोकळे तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात १८५० च्या दशकात या लाकडाच्या पाइपांचा धंदा उभा राहिला.

कारागिराला पाइप करायला सांगताना हे ठाऊक असलेलं बरं. गाठीच्या बाहेरच्या भागाच्या ठोकळ्याला 'प्लातो' म्हणतात. त्याच्या एका अंगाला खडबडीत साल असते आणि लाकडातल्या रेषा तिच्याकडे सरळ धावतात. त्या आडव्या छेदल्या की बारीक ठिपके उमटतात, तेच 'बर्ड्स आय'. मात्र 'एकही डाग नको' ही अट घालू नका. गाठीतली भोकं आणि अडकलेले खडे कोरायला घेतल्यावरच दिसतात, कारागिरालासुद्धा.