पाण्यावर चालणारी गाडी? छे!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाय: ‘पाण्यावर चालणारी गाडी, पेट्रोलवाल्यांनी दाबलेला शोध!’ खाली फोटो टोयोटा मिराईचा. अहो, तिच्या टाकीत पाणी नसतंच. असतो ७०० बार दाबाखालचा हायड्रोजन. फ्युएल सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, वीज तयार होते, मोटर फिरते आणि खालच्या नळीतून पाणी टपकतं. पाणी म्हणजे इथली राख. राख पुन्हा पेटते का? पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट वीज लागते. फ्युएल सेलमधून परत मिळते निम्म्याहूनही कमी. आणि दाबलेला शोध कसला? मिराई २०१४ पासून जपानात राजरोस विकली जातेय. २०२२ मध्ये गडकरी तीच घेऊन संसदेत गेले होते.