पार्श्वभूमी : क्लबातलं टेबल आणि कापलेला फोटो

सोलापूरच्या जुन्या पुढाऱ्यांचे क्लबातले कृष्णधवल फोटो सध्या मोबाइलवर फिरतायत. कॅरम, पत्ते, वेताच्या खुर्च्या, मागे खुंटीला गांधी टोपी. खाली ठरलेली ओळ : 'तेव्हाचं राजकारण असं होतं.'

तेव्हाचं म्हणजे कधीचं? बहुतेक फोटोंवर तारीख नाही. पाठीवर जांभळ्या शाईतला स्टुडिओचा शिक्का आणि पेनानं लिहिलेली पदं, एवढाच आधार. पण तो बरा आहे. 'नगराध्यक्ष' लिहिलं असेल तर फोटो १ मे १९६४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी महापालिका आली आणि पुढे 'महापौर' झाले. 'लोकल बोर्डाचे अध्यक्ष' असेल तर १९६२ च्याही मागे जावं लागतं. त्या वर्षी जिल्हा परिषद आली. अर्थात पाठीवरचा मजकूर नातवानं नंतर लिहिला असेल तर हा सगळा हिशेब कोसळतो.

स्वातंत्र्यापूर्वीचे फोटो मोजकेच, त्यांत खेळापेक्षा हारतुरेच जास्त. खरी गंमत साठच्या दशकातली.

आणि खरा घोळ 'क्लब' या शब्दाचा. आजोबांच्या तोंडी क्लब म्हणजे टेनिस, बिलियर्ड, वाचनाची खोली. नातवाला क्लब म्हटलं की 'क्लबवर छापा, इतके जण ताब्यात' ही बातमी आठवते. दोन्ही अर्थ एकाच पाटीखाली नांदले, कारण पत्त्यांचे अड्डेही 'रिक्रिएशन क्लब' म्हणूनच नोंदवले जात. जुगाराचा कायदा १८८७ चा. कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. पण रमी कौशल्याची की नशिबाची, यावर वाद होता. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवलं. पत्ते-टेबलाचं माफक शुल्क घेतलं म्हणून क्लब जुगारअड्डा होत नाही. खेळातूनच मालक नफा काढत असेल तर मात्र गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडे त्या नफ्याला 'नाल' म्हणतात. शुल्क कुठं संपतं आणि नाल कुठं सुरू होते, हे फोटोत दिसत नाही. निकालाचा आडोसा मग अनेकांनी घेतला, आणि बदनामी मात्र पूर्वीच्या टेबलांच्याही वाट्याला आली. हे अन्यायाचं आहे असं माझं मत.

ग्लासांवरूनही कुजबुज होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागायचा. परवानावाला पुढारी फोटोग्राफरसमोर ग्लास उंचावेल, हे पटत नाही. शिवाय कॅमेऱ्यातल्या '१२०' नावाच्या फिल्मच्या रोलात, चौकोनी फोटो काढायचे तर, जेमतेम बारा फोटो निघत. फोटोग्राफर बोलावला जाई तो बक्षीस समारंभाला. रोजच्या संध्याकाळी कशा जात, ते या फोटोंवरून कळायचं नाही.

एका जन्मशताब्दीच्या स्मरणिकेत असाच एक फोटो छापला गेला, पण खालचा तिसरा हिस्सा कापून. चार गृहस्थ हात गायब करून बसलेले. घरात यावरून दोन तट पडले : एकाचं म्हणणं, आजोबांच्या हातात पत्ते नकोत, दुसऱ्याचं, मग फोटोच कशाला? फोटोखाली ओळ होती, 'प्रतिस्पर्धी आमनेसामने'. समोरासमोरचे दोघे म्हणजे सत्ताधारी पक्षाचा एक आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला एक.

मूळ प्रत मी हातात घेऊन पाहिली. कापलेल्या भागात तेरा पत्त्यांचा एक हात टेबलावर उघडा मांडलेला आहे आणि शेजारी गुणांची वही, दोन रकान्यांची : 'आम्ही' आणि 'ते'. म्हणजे डाव ब्रिजचा. आणि ब्रिजमध्ये समोर बसतो तो भिडू असतो.