विदर्भातील थंडीची लाट आणि उंचावरील वारे

सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी घसरले, तर हवामान खाते थंडीची लाट मानते. विदर्भात अशा लाटा मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत येतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा नीचांक मोडला.

‘हिमालयात बर्फ पडला म्हणून इथे गारठा’ असे गावोगावी म्हणतात. ते निम्मेच खरे. सैबेरियाची जड, थंड हवा हिमालय बव्हंशी अडवून धरतो. विदर्भातला गारठा वायव्येकडून, मध्य प्रदेशमार्गे उतरतो आणि त्याची वाट ठरते सुमारे १२ किलोमीटर उंचीवर. तिथे हिवाळ्यात उत्तर भारतावरून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वाऱ्याचा झोत वाहतो; त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. हा झोत नदीसारखी वळणे घेतो. एखादे वळण दक्षिणेकडे खोल उतरले की त्याच्या पूर्वेला हवा वर चढते, ढग जमतात, पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी प्रणाली) हिमालयात बर्फ टाकतो. वळणाच्या पश्चिमेला हवा खाली बसते, आभाळ निवळते आणि जमिनीलगत उत्तरेचा कोरडा वारा सातपुडा ओलांडून येतो. म्हणून आभाळ असते त्या रात्री विदर्भात ऊब असते. थंडी पडते ती आभाळ गेल्यावर. तिकडचा बर्फ आणि इकडचा गारठा ही एकाच वळणाची दोन अंगे.

शेवटचे काही अंश मात्र शिवारातच उतरतात. ढग आणि बाष्प नसल्याने लांब रात्रीत जमिनीची उष्णता थेट आकाशात निघून जाते. वारा पडला की थंड हवा खोलगट वावरात, नाल्याकाठी साचते. टेकाडावरची तूर तगते, नाल्याकाठची मार खाते. ओली जमीन उष्णता जास्त धरते, म्हणून अशा रात्री हलके ओलीत करतात. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली तर ते आपसूकच होते, हुडहुडी तेवढी ओलीत करणाऱ्याला. संत्र्याच्या आंबिया बहाराला (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याला) मात्र हीच थंडी लागते: झाड विसावते, मग फुलते.

ध्रुवीय भोवरा, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवती उंचावर फिरणारे थंड वाऱ्यांचे चक्र, बिघडल्याच्या बातम्या आल्या की इथला गारठाही त्याच्याच माथी मारला जातो. युरोप-अमेरिकेत त्याचा फटका थेट बसतो. विदर्भापर्यंत त्याचा हात पोहोचला तर झोताची वळणे बदलूनच, तोही आडून.

हे वारे मोजायला नागपुरातून वेधफुगा सोडतात. झोताचे वळण काही दिवस आधी दिसते; नाल्याकाठच्या वावरातला पारा जिल्ह्याच्या अंदाजात नसतो.